सळईला तोड

पारोळ्याच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं म्हणून एस.टी. हळू झाली, आणि हळू झाली म्हणूनच भाविकाला ती भिंत वाचता आली. एका बंद पडलेल्या, कापसाच्या जिनिंग कारखान्याची लांबलचक भिंत, नुकतीच पिवळी रंगवलेली, आणि तिच्यावर पुरुषभर उंचीची निळी अक्षरं : ‘वज्रधागा – सळईला तोड!’ खाली जळगावच्या कारखान्याचा पत्ता, कोपऱ्यात दंड फुगवून उभा असलेला एक मिशीवाला पैलवान. बस पुढे गेली, भिंत मागे पडली, तरी ती मान वळवून बघतच राहिली. शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या बाईंनी विचारलं, ‘‘काही राहिलं का हो मागे?’’ ‘‘नाही नाही,’’ ती म्हणाली. राहिलं होतं ते एक अक्षर. हा धागा बनवणारी तीच, आणि जाहिरातीसाठी तिनं लिहिलं होतं ‘सळईला जोड’. तिचा ज कोणीतरी उचलून नेला होता आणि तिथे त आणून ठेवला होता, आणि तो त एवढा मोठा होता की त्याच्या पोटात एखादी बकरी बांधता आली असती. जोड म्हणजे सळई आहेच, तिच्या सोबतीला हा धागा. तोड म्हणजे हा धागा आला की सळईनं खुशाल घरी जावं. तिला आधी हसू आलं. मग ते हसू मावळलं, कारण ती जिथे निघाली होती तिथे काँक्रीटमध्ये हाच प्लॅस्टिकचा धागा मिसळून एक स्लॅब टाकलेला होता, आणि त्या स्लॅबवर आज वीस मुली लेझीम खेळणार होत्या.

धुळ्याच्या अलीकडे, फाट्यावरून चार किलोमीटर आत एक गाव. गावाची शाळा नाल्याच्या पलीकडे. पावसाळ्यात मुलांना कंबरभर पाण्यातून यावं लागायचं म्हणून नाल्यावर या काठापासून त्या काठापर्यंत आठ फूट गाळ्याचा, नाल्याच्या वाहत्या दिशेनं वीस फूट लांबीचा स्लॅब टाकायचं ठरलं, आणि कंत्राटदार पितांबरआबांनी जळगावच्या कारखान्यातून वज्रधाग्याची पोती नेली. त्यांचा फोन तिनंच घेतला होता. ‘‘मॅडम, किती टाकू?’’ ‘‘एका घनमीटरला चार किलो.’’ ‘‘मिक्सरमध्ये कधी टाकू?’’ ‘‘खडी-वाळू ओली झाली की.’’ त्यांनी सळईचं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. काय म्हणून सांगावं? भाजी कशी करायची हे विचारणाऱ्याला कोणी गॅस पेटवा म्हणून सांगतं का? आज शाळेचं स्नेहसंमेलन, त्याच मुहूर्तावर स्लॅबचं लोकार्पण, आणि ‘तज्ज्ञ म्हणून दोन शब्द’ बोलायला कारखान्यातर्फे ती. पर्समध्ये दोन शब्दांचा कागद होता. त्यात तिनं गावाचं कौतुक केलं होतं. टाकाऊ प्लॅस्टिक शाळेच्या वाटेला लागलं, असं एक वाक्य होतं, आणि काल ते सुचलं तेव्हा ती स्वतःवर खूश झाली होती. आता त्या वाक्याची तिला शिसारी आली.

तिनं संयमला फोन लावला. संयम म्हणजे ज्ञानचंदशेठजींचा मुलगा, कारखान्याची विक्री तो बघायचा. जळगावात जन्मलेला, इंग्रजी शाळेत शिकलेला, घरी मारवाडी आणि बाजारात मराठी. मराठी बोलायचा झोकात, पण लिहिलेलं मराठी त्याला पाहुण्यासारखं वाटायचं. ‘‘भिंत बघितली? कशी वाटली मॅडम?’’ त्याचा आवाज उत्साहानं फुलला होता. ‘‘तोड कुणी केलं?’’ ‘‘मीच. तुमचं जोड जरा कमजोर वाटत होतं हो. जोड म्हटलं की चपलांचा जोड आठवतो. आपण म्हणतो ना, याला तोड नाही! म्हणजे एकदम भारी. म्हणून मी तोड केलं.’’ भाविकानं डोळे मिटले. तोड नाही म्हणजे भारी, म्हणून तोड म्हणजेही भारी! हा माणूस मराठीतला ‘नाही’ दाणे निवडताना खडा काढावा तसा काढून फेकत होता आणि त्याला काही वाटत नव्हतं. ‘‘संयमभाऊ, सळईला तोड म्हणजे सळईची बरोबरी करणारा. सळईऐवजी चालणारा. लोक सळईच घालणार नाहीत.’’ ‘‘असं कोण करेल? ठेकेदारांना कळतं ना सगळं.’’ ‘‘पत्रकावरही हेच आहे?’’ ‘‘हो, सगळीकडे तेच. भडगाव, साक्री, पार नंदुरबारपर्यंत गेलं पत्रक. पितांबरआबांना तर पहिला गठ्ठा दिला.’’ आणि मग, अगदी सहज, कुठलाही डाव नसताना तो म्हणाला, ‘‘पण मॅडम, मी तुम्हाला पाठवलं होतं की. तुम्ही अंगठा दाखवला होता.’’

तिनं फोन ठेवला आणि मोबाइलवर बोट फिरवत मागे मागे जात राहिली. होळी, संक्रांत, नाताळ, कुणाकुणाचे वाढदिवस, प्रयोगशाळेतल्या ठोकळ्यांचे फोटो. दिवाळीच्या पाडव्याला, सकाळी साडेअकराला, संयमनं पाठवलेलं पत्रक. वर ठळक निळं ‘सळईला तोड’. त्याखाली तिचा आकड्यांचा तक्ता. आणि त्याखाली तिचा अंगठा. पिवळा, गुबगुबीत, निर्बुद्ध अंगठा. तिला तो पाडवा लख्ख आठवला. ती सावद्याला, माहेरच्या मळ्यात होती. फोनवर तिनं तक्ता मोठा करून करून बघितला होता. चार किलो, दोन इंच, अठ्ठावीस दिवस, एकेक आकडा तपासला होता, दशांशचिन्हसुद्धा. वरचे दोन शब्द वाचले नव्हते. आपलेच शब्द कोण वाचतं? ते आपल्याला पाठ असतात, म्हणून डोळे त्यांच्यावरून घसरून जातात. संयमचा राग येणं सोपं होतं आणि तो तिला आलाच होता, कानशिलं तापली होती. पण आता त्या रागाला पाय फुटून तो फिरून तिच्याकडेच आला, आणि हा दुसरा राग पहिल्यापेक्षा वाईट होता, कारण याला फोन करून झापता येत नव्हतं.

पाडव्याला मळ्यात तिचं लक्ष कुठे होतं, तेही तिला आठवलं. नाना, म्हणजे तिचे वडील शालिग्रामनाना, बांधावर जुन्या ठिबकच्या नळ्या जाळत होते. केळीची बाग काढली की नळ्या निघतात, काळ्या, उन्हानं चिरलेल्या, वेटोळी करून बांधावर टाकलेल्या, आणि घडांना घातलेल्या निळ्या पिशव्या तारेच्या कुंपणाला लागून वर्षभर फडफडत राहतात. ती लहान असल्यापासून हे बघत आली होती. काळा चिकट धूर, तो केळीच्या पानांवर बसायचा, आईच्या छातीत बसायचा. आई खोकत खोकत भाकरी थापायची आणि म्हणायची, धूर घरात येतो वं. ‘‘नाना, अजून जाळताच का?’’ तिनं पाडव्याला विचारलं होतं. ‘‘मग काय करू? तुह्या कारखान्यात नेऊन देऊ? तुम्ही त चटईचंच घेता. मह्या नळ्या कोन घेईन?’’ खरं होतं. नळ्यांचं प्लॅस्टिक मऊ, त्याचा धागा काँक्रीटमध्ये नुसता ताणला जातो. त्यांना लागायचं चटईचं. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत चटयांचे माग रात्रंदिवस खडखडतात, त्यांची कातरण, फाटक्या चटया, पोत्यांच्या चिंध्या, हे सगळं धुऊन, वितळवून त्याचा दाणा, दाण्याची तार, तार ओढून बारीक आणि चिवट करायची आणि दोन-दोन इंचांवर कापायची. पण सुरुवात या बांधावरूनच झाली होती. जाळायचं नाही, पुरायचं नाही, तर ज्यात माणसं राहतात त्यात घालायचं, हे वेड तिला धुरानं लावलं होतं. चार वर्षं ती त्या वेडामागे होती. आणि ज्या दिवशी तिच्या वेडाच्या डोक्यावरचा शब्द बदलला त्या दिवशी ती नानांशी त्याच धुरावरून भांडत बसली होती.

बसनं पारोळा सोडलं. बाहेर कपाशीच्या उपटायच्या राहिलेल्या पऱ्हाट्या उन्हात करड्या उभ्या होत्या. तिला त्यातलं काही दिसत नव्हतं. तिला प्रयोगशाळा दिसत होती आणि पहिली तुळई. हातभर लांब, वीतभर रुंद. आधी साधी, बिनधाग्याची तुळई यंत्राखाली ठेवली होती. भार वाढत गेला आणि ‘टक्’ असा छोटासा आवाज होऊन दोन तुकडे खाली पडले. ना सूचना, ना कुरकुर. मग धाग्याची. तिलाही जवळपास तेवढ्याच भाराला भेग गेली. पण ती पडली नाही. भेग हळूहळू रुंदावत गेली, आत धागे ताणलेले दिसत होते, आणि तुळई वाकून, कण्हत, तशीच राहिली. भाविकाला नाचावंसं वाटलं होतं. सगळे मात्र हिरमुसले. बघायला आलेले ज्ञानचंदशेठजी चष्मा पुसत म्हणाले, ‘‘बेटी, तुटलं तर खरं.’’ ‘‘तुटलं शेठजी, पण पडलं नाही.’’ शेठजी बराच वेळ त्या भेगेकडे बघत बसले. पन्नास वर्षं दुकानदारी केलेला माणूस, मालाची पारख त्यांना बोटांनी व्हायची. मग म्हणाले, ‘‘म्हणजे आपण ताकद विकत नाही. आपण वेळ विकतो. खालच्यानं निघून जावं एवढा वेळ.’’ तिला तेव्हा भरून आलं होतं. एवढं सोपं करून तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. सळई भार घेते. धागा भेग धरतो, आणि धरता धरता सांगत असतो की उठा, निघा. त्याच माणसाच्या मुलानं त्या धाग्याला मिशा लावून भिंतीवर उभं केलं होतं.

नसेल तसं, ती स्वतःला समजावत होती. पितांबरआबा तीस वर्षं बांधकामात आहेत. घातली असेल सळई. सळई घालायची नाही म्हणजे काय, हात तरी धजतील का? पण तिला ठाऊक होतं की हात धजतात. छापलेलं दिसलं की माणसाचे हात फार लवकर धजतात. फाट्यावर उतरून ती रिक्षात बसली तेव्हा तिची कुर्ती पाठीला चिकटली होती.

गावात लाउडस्पीकर लागला होता. नाल्यावरच्या स्लॅबवर रंगीत मंडप, झालर, पताका. स्लॅबच आज रंगमंच होता, कारण शाळेचं पटांगण उताराचं आणि ही एवढीच सपाट जागा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडायचं काम चालू होतं, आणि शाळेच्या भिंतीलगत नऊवारी नेसलेल्या, गजरे माळलेल्या मुली लेझीम हातात धरून उभ्या होत्या. एकीनं चाळा म्हणून लेझीम वाजवली, छन्न, आणि भाविकाच्या अंगावर काटा आला. नाल्याच्या काठावर पितांबरआबांच्या टोळीतल्या बाया नवी लुगडी नेसून बसल्या होत्या. त्यांत तानुबाई होती. तानुबाई साक्रीकडची, डोक्यावर घमेलं वाहण्यात हयात गेलेली. दोन वर्षांपूर्वी जळगावला एका गोदामाच्या फरशीचं काम होतं, भाविकानं पहिल्यांदाच धागा बाहेर आणला होता आणि मिक्सरमध्ये पोतं एकदम उलटं केलं होतं. धाग्याचे गोळे गोळे झाले, सगळा माल वाया. इंजिनियर मंडळी तोंडाकडे बघत उभी. तेव्हा या बाईनं ओंजळभर धागा उचलून बोटांनी पिंजला होता. ‘‘बाई, हाई तं कुटार शे! धाबाना गारामा टाकतस ना, तेच. एकदम टाकं तं गोया व्हतीस. मोकयं करीसन भुरकी भुरकी टाकानं.’’ मातीच्या सपाट छताच्या, धाब्याच्या, गाऱ्यात कुटार म्हणजे काड्यांचा भुसा का घालतात, तर वाळताना माती फाटू नये म्हणून. भाविकानं चार वर्षं पुस्तकांत जे वाचलं ते तानुबाईच्या तळपायांना माहीत होतं. तेव्हापासून धागा टाकायचा तो तानुबाईच्या रीतीनं, पिंजून, भुरभुरवून, आणि साऱ्या बाया त्याला केस म्हणायच्या.

‘‘तानुबाई,’’ भाविका तिच्याजवळ उकिडवी बसली, ‘‘यात सळई किती घातली?’’

तानुबाईनं तिच्याकडे बघितलं. नजरेत अपराध नव्हता, नुसता गोंधळ. ‘‘सळई कोठे व्हती बाई? आबानी सांगं, आत्ते सळई नही लागस. कागदवर लिखेल शे. तुमनाच कागद. मन्हा मनमा उनं व्हतं, कुटार टाकं म्हनीसन कोनी लाकडं काढी लेतस का? धाबाले खाले लाकडं लागतसच. पन माले वाटनं, बाईनी लिखं शे तं बरोबरच व्हई.’’

बाईनी लिखं शे तं बरोबरच व्हई. भाविकाला वाटलं कोणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. या बाईला अक्षरओळख नाही, आणि चूक तिच्याच मनात आली होती, बरोबर त्याच जागी आली होती. तिनं स्वतःच्या शहाणपणावर बोळा फिरवला तो भाविकाच्या नावाखातर. भाविका उठली, चपला हातात घेतल्या आणि नाल्यात उतरली.

नाला कोरडा होता. दगडगोटे, दोन-चार बिस्किटांचे पुडे, वाळलेलं शेवाळ. ती वाकून स्लॅबच्या खाली शिरली. आत गार होतं आणि ओल्या सिमेंटचा वास होता, जो खरं तर यायला नको होता, काम होऊन महिना उलटला होता. तिनं मोबाइलचा उजेड वर धरला. बरोबर मध्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोणीतरी ब्रशनं सिमेंटचं पाणी फिरवलं होतं. ताजा गडद पट्टा. आणि पट्ट्याच्या मधोमध, त्या लेपाला न जुमानता, भेग. करंगळीचं नख जाईल एवढी. भेगेत आडवे धागे ताणलेले, शिवणीतल्या टाक्यांसारखे. ते तिचे धागे होते. चटईच्या कातरणीचे, तानुबाईच्या बोटांनी पिंजलेले. भेग पडूनही अख्खा स्लॅब त्यांनी धरून ठेवला होता, आणि भाविकाला एकाच वेळी त्यांचा अभिमान वाटला आणि रडू आलं. ते बिचारे आपलं काम चोख करत होते. उठा, निघा, असं सांगत होते. वर लोक खुर्च्या मांडत होते.

‘‘ते काही नाही मॅडम,’’ पितांबरआबा काठावर येऊन उभे होते. पांढराशुभ्र सदरा, खांद्यावर उपरणं, चेहऱ्यावर पाहुण्यासाठीचं हसू. ‘‘परवा मंडपवाल्याचा ट्रॅक्टर गेला वरून. जराशी लाइन आली. आम्ही लगेच पाणी फिरवलं.’’

भाविका वाकून बाहेर आली. ‘‘आबा, यात सळई नाही.’’

‘‘नाहीच ना! तुमच्या मालाची कमाल आहे. भेग गेली, ट्रॅक्टर गेला, तरी पडला का? मी सगळ्यांना सांगतो, सळई असती तरी इतकं धरलं नसतं. तुमच्या भाषणात सांगा हे.’’

‘‘हे धरतंय ते लोकांनी वर नाचावं म्हणून नाही! लोकांनी उतरावं म्हणून धरतंय. हे आता नुसतं स्वतःचं वजन पेलतंय. मुलींना वर जाऊ देऊ नका. खुर्च्या उचला. दोन्हीकडून वाट बंद करा.’’

हसू जरा आक्रसलं. ‘‘मॅडम, कार्यक्रमाची वेळ झाली. साहेब लोक निघालेत धुळ्याहून. आता असं अपशकुनी बोलू नका. तुमच्याच कंपनीचं पत्रक आहे, माझ्याकडे आहे ते, खिशात आहे. सळईला तोड. मी माझ्या मनचं काही केलं नाही.’’ त्यांनी खरंच खिशातून घडी घातलेलं पत्रक काढलं आणि तिच्यापुढे धरलं. तिनं घेतलं नाही. मुख्याध्यापक आले, घाम पुसत म्हणाले, ‘‘मॅडम, मुलींनी दोन महिने सराव केलाय. आधी कार्यक्रम होऊन जाऊ द्या, मग तुम्ही काय सांगाल ते करू.’’ तिनं संयमला फोन लावला. ‘‘मॅडम, प्लीज, आता तिथे काही बोलू नका, बोर्डबिर्ड लागलाय आपला, मी उद्या येतो, शांतपणे बघू.’’ उद्या. सगळ्यांकडे उद्या होता. सगळे भले होते, कोणाच्या मनात कोणाचं वाईट नव्हतं, आणि सगळे मिळून वीस पोरींना त्या भेगेवर उड्या मारायला पाठवत होते. कोणीतरी शहाणा पुढे झाला आणि स्लॅबच्या कडेवर टाच आपटून म्हणाला, ‘‘बघा, काय होतंय? काही नाही!’’ खाली नाल्यात, कडेला उभ्या असलेल्या भाविकाच्या केसांत सिमेंटची बारीक भुकटी पडली. माइकवरून मुलींना जागा घ्यायला सांगितलं. शिक्षिकेनं शिट्टी वाजवली, आणि रांग हलली.

तिला किती वेळ होता? ती ओरडली असती तर लाउडस्पीकरनं गिळलं असतं. मुलींच्या आडवी गेली असती तर दंडाला धरून, मानानं, खुर्चीवर नेऊन बसवलं असतं आणि वर सरबत दिलं असतं. तिच्या कानांत शेठजी बोलत होते, खालच्यानं निघून जावं एवढा वेळ. खालच्यानं. इथे खाली कोणी नव्हतं, हाच घोळ होता. भेग खालून दिसत होती आणि सगळे वर उभे होते. वरून स्लॅब गुळगुळीत होता, झालरीचा होता, नवा होता. तिनं पर्स काठावर फेकली आणि परत वाकून आत शिरली, बरोबर मध्यावर गेली, भेगेच्या खाली, आणि दगडगोट्यांवर मांडी घालून बसली.

‘‘आबा!’’ तिनं आतून हाक मारली. स्लॅबखाली आवाज घुमला आणि तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा होऊन बाहेर पडला. ‘‘मी इथे बसलेय. आता मुलींना वर पाठवा. लेझीम खेळू द्या. मी तज्ज्ञ आहे, मी खालून बघते.’’

आधी कोणाला कळलंच नाही. मग काठावर वाकलेली तोंडं दिसू लागली, उलटी, उजेडात काळी. शिट्टी थांबली. कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं. ‘‘मॅडम, हे काय करता? शोभतं का?’’ मुख्याध्यापकांचा आवाज. तिला शोभत नव्हतंच. कुर्ती धुळीनं भरली होती, गुडघ्याला खरचटलं होतं, आणि ती भयंकर घाबरली होती. तिच्या डोक्यावर हातभर अंतरावर कित्येक टन काँक्रीट होतं आणि ते तिनंच बनवलेल्या धाग्यांवर लोंबकळत होतं. वर बघायचं नाही असं ठरवूनही तिनं वर बघितलं. एक धागा सुटला होता. भेगेतून खाली आलेलं त्याचं टोक वाऱ्यानं हलत होतं. कोण म्हणालं होतं वज्र? फाटक्या चटईचा धागा होता तो. कोणाच्या तरी ओसरीवर त्याच्यावर माणसं बसली, जेवली, पोरं झोपली, मग तो फाटला, आणि आता इथे येऊन जेवढं जमतं तेवढं करत होता.

शेजारी दगड खडखडले. तानुबाई वाकून आत येत होती, नव्या लुगड्याचा ओचा वर खोचलेला. ‘‘तुम्ही बाहेर जा तानुबाई. जा!’’ ‘‘कजाले जाऊ? मन्हाच हातनं काम शे हाई,’’ तानुबाई म्हणाली आणि ऐसपैस बसली. ‘‘केस मीच टाकात ना. मी भी बठसू.’’ मग तिनं भेगेकडे बघितलं, बराच वेळ, आणि जीभ टाळ्याला लावून चक् असा आवाज केला. वर लाउडस्पीकर बंद झाला. इतकी शांतता झाली की मुलींच्या हातातल्या लेझीमची कुजबुज ऐकू येत होती.

आणि मग वर कोणीतरी पाऊल टाकलं. एकच. खुर्ची उचलायला गेला असेल, किंवा वाकून खाली बघायला. भेगेतून चमचाभर भुकटी सरकली आणि तानुबाईच्या मांडीवर पडली. काठावर पितांबरआबा गुडघ्यांवर बसले होते, पांढरा सदरा मातीत, उपरणं कुठल्या कुठे. चेहरा राखेसारखा झाला होता. तीस वर्षं बांधकामात घालवलेला माणूस पहिल्यांदाच आपला स्लॅब खालून बघत होता.

‘‘मॅडम, भायेर या!’’ ते किंचाळले. पाहुण्यांपुढचं मराठी गळून पडलं होतं. ‘‘ओ तानु, भायेर निंघ! निंघा लवकर, पडी जाई ते! पडी जाई!’’

भाविका जागची हलली नाही.

‘‘काय म्हणालात आबा?’’ तिनं विचारलं. ‘‘मला ऐकू नाही आलं. माइक घ्या, आणि सगळ्यांना सांगा.’’